पार्क स्ट्रीटची संध्याकाळ आणि तिच्याभोवती बेतलेले दोन दिवस

कोलकात्याला दोन रात्रींसाठी जायचे ठरले की हॉटेल शोधण्याच्या आधी पार्क स्ट्रीटवरील ट्रिंकाज या जुन्या रेस्टॉरंटमध्ये टेबल राखून ठेवावे आणि उरलेली सहल त्या टेबलाभोवती बेतावी, असे दोन खेपा केल्यानंतर माझे मत झाले आहे. पहिल्या खेपेस मी नेमके उलटे केले होते. सकाळपासून व्हिक्टोरिया मेमोरियल, दक्षिणेश्वर, बेलूर मठ असे पाहत सुटलो आणि शनिवारी रात्री साडेनऊला पार्क स्ट्रीटवर पोहोचलो, तेव्हा ट्रिंकाजमध्ये जागा नव्हती आणि पायांत त्राणही नव्हते. शेजारपाजारच्याच एका रेस्टॉरंटच्या दारावर ‘लाइव्ह म्युझिक’ अशी पाटी पाहून आत शिरलो. गाणारा गृहस्थ खरा होता, आवाजही बरा होता. त्याच्या मागचा वाद्यवृंद मात्र लॅपटॉपमधून येत होता. जुन्या काळाची गोडी आणि समोर बसून वाजवले जाणारे संगीत यांसाठी जाणाऱ्याने दिवसाची आखणी रात्रीपासून मागे करत यावी, हा धडा मी तिथे घेतला.

ट्रिंकाजची सुरुवात एका स्विस गृहस्थाच्या चहाघरापासून झाली. १९५९ साली ओमप्रकाश पुरी आणि एलिस जोशुआ यांनी ते विकत घेतले आणि तिथे बँड, गायिका आणि नाचासाठी मोकळी जागा असा सरंजाम उभा राहिला. पार्क स्ट्रीटवर त्या वेळी अशा जागांची कमतरता नव्हती. १९५६ साली सुरू झालेल्या मोकॅम्बोमध्ये पॅम क्रेन गात असत, तर ब्लू फॉक्समध्ये पुढे लुई बँक्स पियानोवर बसू लागले. या बँडांमध्ये अँग्लो-इंडियन वादकांच्या जोडीला गोव्याचे वादकही असत, कारण स्वरलिपी वाचून वाजवणारी माणसे त्या काळी प्रामुख्याने चर्चच्या शाळांत शिकलेल्या घरांतूनच मिळत. मराठी वाचकाला अधिक जवळची वाटेल अशी गोष्ट मात्र १९६९ सालची आहे. मुंबईत भायखळ्याला वाढलेली उषा अय्यर नावाची तमिळ मुलगी ट्रिंकाजच्या मंचावर कांजीवरम साडी, ठसठशीत कुंकू आणि आपला भारदस्त आवाज घेऊन उभी राहिली. नाइटक्लबच्या गायिकेने झगा घालायचा, हा तोपर्यंतचा अलिखित नियम होता. तीच मुलगी पुढे उषा उत्थुप म्हणून देशभर ओळखली गेली आणि कोलकाता हेच त्यांचे गाव झाले.

दुसऱ्या खेपेस मी चार दिवस आधी दूरध्वनी करून टेबल राखले आणि त्या रात्री कोणता बँड आहे, हेही विचारून घेतले. ही चौकशी जरूर करावी, कारण जुनी इंग्रजी गाणी, हिंदी चित्रपटसंगीत आणि बंगाली बँडची गाणी यांचे प्रमाण वादकांनुसार बदलते आणि आपल्याला हवे ते ऐकायला मिळाले नाही तर दोष आपल्या आळसाचा असतो. टेबल मंचाच्या अगदी पुढ्यात मागू नये, कारण तिथे वादकांची बोटे स्पष्ट दिसतात, पण शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही. वडीलधारी मंडळी सोबत असतील तर भिंतीलगतची जागा उत्तम. आमच्या बाजूच्या टेबलावर सत्तरीच्या आसपासचे एक जोडपे बसले होते. आजोबांनी कागदी रुमालावर गाण्याचे नाव लिहून वेटरच्या हाती दिले, गायिकेने ते वाचून मान डोलावली, आणि बेस गिटार वाजवणाऱ्याने पाण्याचा पेला खाली ठेवत डोळ्यांनीच सूर विचारला. तालीम नाही, पडद्यावर शब्द नाहीत. गाणे सुरू झाले. दुसऱ्या कडव्यात ड्रमर जरा चाचपडला आणि लगेच सावरला. लॅपटॉपचा वाद्यवृंद कधी चाचपडत नाही, आणि त्याच कारणाने तो ऐकताना कंटाळा येतो.

जेवण पार्क स्ट्रीटच्या जुन्या पठडीचे आहे, म्हणजे सिझलर, कॉन्टिनेन्टल आणि भारतीय चिनी असे सगळे एका छताखाली. मी जेवणासाठी गेलो नव्हतो, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. ज्यांना जिभेचे चोचले पुरवायचे आहेत त्यांनी दुपारचे जेवण पीटर कॅटमध्ये चेलो कबाब किंवा मोकॅम्बोमध्ये डेव्हिल्ड क्रॅब असे घ्यावे आणि संध्याकाळ कानांसाठी मोकळी ठेवावी. ट्रिंकाजच्या चालकांनी जुनी छायाचित्रे, वृत्तपत्रांतील जाहिराती आणि तिथे वाजवून गेलेल्या कलावंतांच्या आठवणी जमवण्याचे काम हाती घेतले आहे. सत्तरच्या दशकात करमणूक कराचा बोजा, वारंवार जाणारी वीज आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांचे परदेशी स्थलांतर यांमुळे या रस्त्यावरचे मंच एकामागून एक बंद पडले. त्या पडझडीत टिकलेल्या जागेनेच स्वतःचे दप्तर नीट लावून ठेवावे, हे मला विशेष वाटले.

सहलीचा दुसरा भरभक्कम भाग म्हणजे फ्री स्कूल स्ट्रीट, जिचे आजचे नाव मिर्झा गालिब स्ट्रीट आहे. पार्क स्ट्रीटपासून ती पायी अंतरावर असून ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांची मोजकी दुकाने तिथे आजही आहेत. इथे घाईने जाऊ नये. निदान दोन तास हाताशी असावेत. भारतातील पहिल्या व्यापारी ध्वनिमुद्रणांपैकी गायिका गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण १९०२ साली याच शहरात झाले, आणि तबकड्या दाबण्याचा कारखानाही इथेच आला, आधी सियालदहला आणि नंतर डमडमला. त्यामागे बाजाराचेही कारण होते. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेपासून बनत असे, ती लाख छोटा नागपूरच्या जंगलांतून येई आणि तिचा व्यापार कलकत्त्यातून चाले. आपल्या आजोबांच्या ट्रंकेत सापडणाऱ्या एचएमव्हीच्या कित्येक मराठी नाट्यपदांच्या तबकड्यांचा जन्म डमडमचा आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. बंगाली आणि इंग्रजी तबकड्यांच्या चळतीत मलाही नाट्यपदांची एक तबकडी सापडली, तेव्हा दुकानदाराने भाषा ओळखता येत नसल्याचे मोकळेपणाने सांगून किंमत मलाच विचारली.

खरेदी करताना थोडे पाहून घ्यावे. पहिल्या खेपेस एका दुकानातून मी घाईघाईत घेतलेली एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी प्लास्टिकची तबकडी, घरी आल्यावर रेकॉर्ड प्लेयरच्या फिरत्या चकतीवर लाटेसारखी वरखाली होऊ लागली. उन्हाने ती वाकली होती आणि वेष्टनावरून ते समजण्याचा मार्ग नव्हता. तेव्हापासून मी तबकडी वेष्टनाबाहेर काढतो, डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून कड सरळ आहे का ते पाहतो आणि मग ती उजेडात तिरकी करून चरे तपासतो. नख अडकते तो चरा ऐकू येतो, नुसता दिसणारा चरा बहुधा माफ करता येतो. लाखेची तबकडी एलपीच्या बारीक सुईवर वाजवू नये, कारण तिच्या खाचा रुंद असतात आणि त्यात सुई आणि तबकडी दोघींचेही नुकसान होते. विमानाने परतताना तबकड्या उभ्या ठेवून हातातल्या पिशवीत घ्याव्यात. लाख काचेसारखी फुटते.

सकाळी करायच्या गोष्टींवर थोडक्यातच लिहितो. कॉलेज स्ट्रीटवरील अल्बर्ट हॉलमध्ये १९४२ पासून चालत आलेले कॉफी हाउस, तिथले तुरेदार पगडी बांधलेले वाढपी, दूध नसलेल्या कॉफीला मिळणारे ‘इन्फ्युजन’ हे नाव आणि उंच छताखाली घुमणारा गलका या सगळ्यासाठी एक तास पुरतो, मात्र तो अकरानंतरचा असावा, कारण गप्पांचे अड्डे त्याआधी भरत नाहीत. ट्रामचे प्रकरण नाजूक आहे. मुंबईने आपली ट्राम १९६४ साली बंद केली. कोलकात्यात १९०२ पासून विजेवर धावणारी ट्राम अजून आहे, पण तिचे मार्ग भराभर आटत चालले आहेत. एस्प्लनेडच्या ट्रामथांब्यावर आधी चौकशी करावी, आणि मैदानाच्या बाजूने जाणारी गाडी मिळाली तर सकाळच्या उन्हात, मिळेल त्या बाकावर बसून घ्यावी. पिवळ्या ॲम्बेसेडर टॅक्सीचेही तेच आहे. त्या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले असल्याने रस्त्यावर दिसणारी अशी प्रत्येक टॅक्सी म्हातारीच आहे, तेव्हा भाडे आधी ठरवून घेतले की तक्रारीला जागा राहत नाही.

ज्यांचा कान रागसंगीताकडे झुकलेला आहे त्यांनी तारखा डोव्हर लेन संगीत संमेलनाप्रमाणे ठरवाव्यात. १९५२ साली सुरू झालेले हे संमेलन जानेवारीच्या उत्तरार्धात भरते. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव त्यानंतर वर्षभराने सुरू झाला. सवाईच्या मांडवात पहाटेचे राग ऐकल्याच्या आठवणी सांगणारे रसिक आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यावर बंधने आली आणि त्या रात्री इतिहासजमा झाल्या. डोव्हर लेन बंदिस्त सभागृहात भरत असल्याने रात्रभराची बैठक तिथे टिकली. शाल, थर्मास आणि दुसऱ्या दिवसाची दुपारपर्यंतची झोप यांची तरतूद करूनच जावे. मात्र त्याच सहलीत ट्रिंकाजही उरकू म्हणाल तर दोहोंचे हाल होतील. तेव्हा एक रात्र एकाची आणि दुसरी रात्र दुसऱ्याची ठेवावी.

मुंबईहून गीतांजली किंवा पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसने जाण्यात मौज आहे, पण एका बाजूच्या प्रवासालाच तीस तासांच्या आसपास लागतात, त्यामुळे शुक्रवार ते रविवार अशा सहलीला विमानाखेरीज गत्यंतर नाही. मुक्काम पार्क स्ट्रीट आणि फ्री स्कूल स्ट्रीटच्या मधल्या भागात केला तर दोन्ही संध्याकाळी वाहन लागत नाही. नाताळच्या आठवड्यात हा रस्ता दिव्यांनी देखणा दिसतो, परंतु गर्दी इतकी लोटते की टेबल राखलेले असूनही दारापर्यंत पोहोचणे जिकिरीचे होते. मी पुढच्या खेपेसाठी फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरला आहे, आणि नाट्यपदांच्या त्या दुकानदाराला आणखी मराठी तबकड्या आल्या तर बाजूला काढून ठेवा, असे सांगून आलो आहे.