जुने कपडे: बोहारणीला की संस्थेला?
बेळगावात वडगाव-शहापूरकडं कपाट उपसलं की घरात हाच वाद. बोहारीण दारात बसते, घासाघीस रंगते, पाच-सहा साड्यांवर एक स्टीलचा डबा पडतो. जरीचा काठ दिसला की तिचा सूर लगेच मऊ होतो! फाटक्याला नाक मुरडते, पण घेते. जुन्या लोकरी कपड्यांचं तर पुढं पानिपतला सूत निघतं, ब्लँकेटं होतात.

संस्थेला द्यायचं तर धुवा, बटणं लावा, स्वेटर वेगळे बांधा. मोबदला काही नाही. तरी धड कपडे मी तिकडंच देते. २०१९च्या पुरात गोकाक, चिकोडीकडं माणसं नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडली. तिथं विटका ड्रेस पाठवायला लाज वाटली असती. विटकं सगळं बोहारणीला.

मऊ सुती लुगडी मात्र कुणालाच नाहीत, त्यांची वाकळ शिवायची.