खंबाटकीत तापलेली गाडी आणि साडेअकरा हजार

मे २०१९. आम्ही दोघं आणि सासूबाई, पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीचा बोगदा तेव्हा साताऱ्याहून येणाऱ्यांना होता. आपल्याला जाताना घाटच चढावा लागायचा. पुढे ट्रकांची रांग, गाडी पहिल्या गिअरवर, एसी सुरू. बघता बघता तापमानाचा काटा लालला टेकला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. बाजूला घेऊन इंजिन बंद केलं.

पाच मिनिटांत एक मोटारसायकलवाला हजर. "साहेब, रेडिएटरचं झाकण उघडू नका, भाजाल." सल्ला अगदी बरोबर होता, तिथेच माझा विश्वास बसला. अर्ध्या तासाने त्याने पाणी ओतलं आणि घाट उतरल्यावर 'ओळखीच्या' गॅरेजात आणून सोडलं.

तिथल्या माणसाने सायलेन्सरजवळ हात धरला, मान हलवली. "हेड गॅस्केट गेलंय. असंच चालवलं तर इंजिन सीज, म्हणजे जाम. मग पन्नास हजाराला पडेल." (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि गॅस्केट म्हणजे त्याच्या खालची सील करणारी पातळ चकती.) सासूबाई उन्हाने बेजार झालेल्या. "वहिनी, आजींना घेऊन समोर सावलीत बसा, चहा घ्या." आम्ही तिघंही गेलो. मी तरी थांबायला हवं होतं.

तीन तासांनी त्याने जळकं गॅस्केट दाखवलं. बायकोने सहज त्याचा फोटो काढला. साडेअकरा हजार, तेही रोख. क्यूआर कोड 'बंद' होता, एटीएमपर्यंत मात्र गाडीवर बसवून नेलं. बिल म्हणजे वहीचा फाडलेला कागद, वर गॅरेजचं नावसुद्धा नाही.

गाडी नंतर तापली नाही. फक्त चावी फिरवली की थंड इंजिनलाही फॅन भर्रकन सुरू व्हायचा. मला वाटलं, वा, काय जोरदार काम केलंय!

पुण्यातल्या नेहमीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि हसायलाच लागला. फॅनची रिले, म्हणजे फॅन चालू-बंद करणारा छोटा विजेचा स्विच, जळाली होती. त्या पठ्ठ्याने वायर जोडून फॅन 'डायरेक्ट' केला होता. दहा मिनिटांचं काम. हेडच्या बोल्टवर जुनी धूळ जशीच्या तशी. "हेड उतरवलं की फेसिंग, म्हणजे ते सपाट आहे का, तपासायला लेथवाल्याकडे न्यावं लागतं. तीन तासांत होतंय होय?" ऑइलचं झाकण उघडून दाखवलं. गॅस्केट फुटून पाणी ऑइलमध्ये उतरलं असतं तर आत दुधाळ चहासारखा थर दिसला असता. आमचं ऑइल स्वच्छ. रेडिएटरमध्ये मात्र कुलंटऐवजी (इंजिन गार ठेवणारं द्रव) नुसतं पाणी.

मग त्याने सांगितलं ते त्या दिवशी माहीत असतं तर! गाडी पळत असताना समोरचा वाराच रेडिएटर गार करतो. रांगत असताना सगळा भार फॅनवर. म्हणून ट्रॅफिकमध्ये किंवा चढावर तापणारी आणि मोकळ्या रस्त्यावर शांत होणारी गाडी असेल तर आधी फॅन बघायचा. गाडी गार झाल्यावर, पाणी पुरेसं आहे ना बघून, स्टार्ट करायची, जागेवरच एसी लावायचा आणि कान द्यायचा. बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला लागतो. आमचा फिरला नसता, आणि गॅस्केटची गोष्ट तिथेच फसली असती.

रिले, कुलंट आणि मजुरी मिळून चौदाशे रुपये झाले. निघताना बायकोने तो फोटो दाखवला. मेकॅनिकने मोठा करून भोकं मोजली.

"वहिनी, हे चार सिलिंडरचं आहे. तुमची गाडी तीनची."