जुना थ्रॅश, लाइव्ह अल्बम आणि पंचाहत्तर मिलिसेकंद: स्लेयर, टेस्टामेंट, ओव्हरकिल, ॲन्थ्रॅक्स, एक्झोडस

थ्रॅशचा, म्हणजे अतिवेगवान हेवी मेटलचा, लाइव्ह अल्बम विकत घेण्याआधी एक हिशेब माहीत असलेला बरा. 200 बीपीएमच्या (मिनिटाला 200 ठोक्यांच्या) गाण्यात एक ठोका 300 मिलिसेकंदांचा असतो. त्याचे चार भाग पाडून रिफ (गिटारची परत परत येणारी धून) वाजते तेव्हा उजव्या हाताच्या एका स्ट्रोकला 75 मिलिसेकंद मिळतात. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. त्यामुळे गर्दी टिपण्यासाठी स्टेजपासून 25 मीटरवर टांगलेल्या माइकपर्यंत रिफ पोचते तीच एक अख्खा स्ट्रोक उशिरा. हा ट्रॅक आहे तसा मिसळला तर प्रत्येक नोट पुढच्या नोटेवर जाऊन बसते आणि सगळ्याचा गिचका होतो. संथ रॉकमध्ये हाच उशीर ‘हॉलचा भारदस्तपणा’ म्हणून खपून जातो. थ्रॅशमध्ये तो खपत नाही.

मिक्स करणाऱ्यापुढे मग दोन वाटा उरतात. गर्दीचा ट्रॅक अलीकडे सरकवून स्टेजच्या ट्रॅकशी जुळवायचा, नाहीतर गाणं चालू असताना गर्दीचे माइक जवळजवळ बंद ठेवून दोन गाण्यांच्या मधे उघडायचे. पहिलीत मेहनत जास्त, पण हॉल जिवंत राहतो. दुसरीत सगळं स्वच्छ येतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं की स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगला टाळ्या चिकटवल्या आहेत. गेल्या दहा-बारा वर्षांत जुन्या थ्रॅश बँडांचे लाइव्ह अल्बम एकामागून एक आले, कारण डिजिटल मिक्सरवरून प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक लॅपटॉपवर घेणं आता रोजचं झालं आहे. रेकॉर्डिंग स्वस्त झालं म्हणून मिक्सिंग सोपं झालं, असं मात्र नाही.

स्लेयरचा ‘द रिपेंटलेस किलॉजी’ हे दुसऱ्या वाटेचं ठळक उदाहरण. कार्यक्रम 5 ऑगस्ट 2017 चा, लॉस एंजेलिसला लागून असलेल्या इंगलवूडमधल्या ‘द फोरम’चा. अल्बम बाजारात आला 8 नोव्हेंबर 2019 ला. त्याच महिन्याच्या 30 तारखेला त्याच फोरममध्ये बँडचा निरोपाचा कार्यक्रम झाला, त्यामुळे अनेकांनी हा अल्बम निरोपाचा समजून घेतला. तो निरोपाचा नाही. निरोपाचा दौरा सुरू झाला मे 2018 मध्ये, आणि हे रेकॉर्डिंग त्याच्या नऊ महिने आधीचं आहे. 2024 मध्ये स्लेयर पुन्हा स्टेजवर आले, त्यामुळे ‘शेवटची आठवण’ म्हणून संग्रही ठेवण्याचं कारणही गेलं. आता तो निव्वळ ऐकण्यासाठी घ्यावा की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

गिटारसाठी घ्यावा. केरी किंग आणि गॅरी होल्ट डाव्या-उजव्या बाजूंना नीट वेगळे ऐकू येतात, आणि हेडफोनवर एक कान बंद करून एकेकाची रिफ तपासता येते. बँडचा मूळ गिटारवादक जेफ हॅनेमनच्या जागी होल्ट 2011 पासून दौऱ्यांवर वाजवत होता. 2012 मध्ये बंगळुरूला स्लेयर आले तेव्हाही तोच होता. हॅनेमन मे 2013 मध्ये गेला. त्याचे सोलो म्हणजे मुद्दाम सूर सोडून मारलेली किंकाळी. होल्टचा हात अधिक सुरेल, वाक्य पूर्ण करणारा. ‘वॉर एन्सेंबल’ आणि ‘पोस्टमॉर्टम’मध्ये हा फरक थेट कळतो. तो आवडेलच असं नाही. ज्यांना हॅनेमनचा गोंधळच हवा असतो, त्यांना होल्ट फार नीटनेटका वाटणार.

ड्रमवर पॉल बोस्टाफ. ‘डिसायपल’ आणि ‘ब्लडलाइन’ ही 2001 च्या अल्बममधली गाणी मुळात त्यानेच वाजवलेली, त्यामुळे तिथे तो घरी असल्यासारखा वाजवतो. मूळ ड्रमर डेव्ह लोम्बार्डोच्या काळातल्या गाण्यांत लय घड्याळासारखी पक्की आहे, पण लोम्बार्डो ठोक्याच्या किंचित पुढे धावत गाणं कडेलोटाशी नेऊन ठेवायचा, ती धास्ती इथे नाही. ‘एंजल ऑफ डेथ’च्या शेवटाकडे सगळे थांबतात आणि एकटा डबल बेस (दोन पायांनी वाजवायचा खर्जाचा ड्रम) गडगडतो, ती जागा 1986 च्या मूळ रेकॉर्डिंगशी ताडून पाहावी. चूक एकही नाही, पण मूळ रेकॉर्डिंगमध्ये पुढे काय होईल याची जी भीती वाटते, ती इथे वाटत नाही.

गायक आणि बेसवादक टॉम आरायाच्या मानेच्या मणक्यांवर 2010 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्याचं डोकं झटकणं कायमचं बंद झालं. आवाज अर्थात टिकला, तरी त्याची जात बदलली आहे. वेगवान गाण्यांत तो शब्द फेकतो. ‘डेड स्किन मास्क’ आणि ‘सीझन्स इन द ॲबिस’सारख्या सुरात गायच्या गाण्यांत टीप गाठण्यापेक्षा तिच्या खालून जाणं पसंत करतो. बेस मात्र गिटारखाली गाडला गेला आहे. ती तक्रार स्लेयरच्या स्टुडिओ अल्बमांबाबतही जुनीच. गर्दी गाण्यांच्या मधे अचानक मोठी होते आणि रिफ सुरू झाली की दाराआड जाते.

ब्लू-रेवर कार्यक्रमासोबत बीजे मॅकडॉनेल दिग्दर्शित रक्तरंजित लघुकथापटही आहे, बँडच्या तीन म्युझिक व्हिडिओंची कथा जोडून केलेला. एकदा पाहायला हरकत नाही. फक्त त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. ध्वनीसाठी दोन सीडींचा संच पुरतो. स्लेयरचा एकच लाइव्ह अल्बम घ्यायचा असेल तर उत्तर अजूनही 1991 चा ‘डिकेड ऑफ ॲग्रेशन’ हेच आहे: लंडनचं वेम्बली अरिना, फ्लोरिडातलं लेकलँड आणि कॅलिफोर्नियातलं सॅन बर्नार्डिनो इथली रेकॉर्डिंगं, चौघे मूळचे, लोम्बार्डो ऐन भरात.

टेस्टामेंटचा ‘डार्क रूट्स ऑफ थ्रॅश’ माझ्या लेखी या पाचांत पहिल्या क्रमांकाचा. फेब्रुवारी 2013, न्यूयॉर्क राज्यातल्या हंटिंग्टनचं पॅरामाउंट थिएटर, एकाच रात्रीचं रेकॉर्डिंग. मोठ्या अरिनापेक्षा अशा थिएटरात माइक स्टेजच्या जवळ राहतात, आवाजाचा उशीर आपोआप कमी होतो, आणि मिक्समध्ये गर्दी गाण्याच्या आतच ठेवता येते. ‘इंटू द पिट’मध्ये लोक ओरडतात ते रिफच्या सोबत, रिफ संपल्यावर नाही.

खरा फरक ड्रमर जीन होग्लनचा. ‘ओव्हर द वॉल’, ‘द हॉन्टिंग’, ‘डिसायपल्स ऑफ द वॉच’ ही 1987-88 ची गाणी मूळ रेकॉर्डिंगमध्ये लुई क्लेमेंटेने वाजवली होती, सरळ आणि काटकसरीने. होग्लन त्याच रिफखाली डबल बेस भरतो, पण गाण्याचा सांगाडा हलू देत नाही. ‘राइडिंग द स्नेक’ आणि ‘थ्री डेज इन डार्कनेस’ ही 1999 च्या अल्बममधली, तिथे मूळ ड्रमर लोम्बार्डो. म्हणजे दोन अगदी वेगळ्या हातांचं काम एकाच माणसाला एकाच रात्री निभवायचं होतं. ड्रमचा आवाज ट्रिगरने (ठोका पडताच आधी रेकॉर्ड केलेला नमुना वाजवणाऱ्या साधनाने) भरलेला आहे का, हे ओळखायचं असेल तर लांब डबल बेसमध्ये ऐकावं: डावा आणि उजवा पाय तंतोतंत एकसारखे, एकाच जोराचे वाटले तर माइकच्या जागी नमुना वाजतो आहे. इथे थोडं भरलेलं आहे, पण दोन पायांतला फरक पुसलेला नाही.

गिटारवादक ॲलेक्स स्कोल्निक 1990 च्या दशकात बाहेर पडून जॅझकडे वळला आणि 2005 मध्ये परतला. त्याचे सोलो ऐकताना हे विसरता येत नाही; सुरांची निवड रुंद झाली आहे, पण वेग कमी झालेला नाही. गायक चक बिलीला 2001 मध्ये कर्करोग झाला होता, आणि त्यानंतरचा त्याचा आवाज आधीपेक्षा मोठा आहे असं म्हणायला हरकत नाही. ‘नेटिव्ह ब्लड’मध्ये तो खर्जातली गुरगुर आणि मोकळा सूर एकाच कडव्यात आणतो, आणि मधला श्वास ऐकू येतो. असे श्वास ही चांगली खूण. लाइव्ह अल्बममध्ये गायकाचा श्वास कुठेच ऐकू येत नसेल तर ओळी नंतर स्टुडिओत भरल्याचा संशय घ्यावा. दोष सांगायचा तर सोलो आले की मिक्समध्ये बाकी सगळे दोन पावलं मागे सरतात, जरा जास्तच.

ओव्हरकिलचा ‘लाइव्ह इन ओव्हरहाउसेन’ (रेकॉर्डिंग एप्रिल 2016, जर्मनीतल्या ओबरहाउसेनचं टर्बिनेनहाले) वेगळ्या गरजेसाठी आहे. त्यात ‘हॉररस्कोप’ आणि ‘फील द फायर’ हे दोन अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवले आहेत. पूर्ण अल्बम स्टेजवर वाजवण्यातली अडचण सगळ्यांना भोवते: अल्बमचा क्रम रेकॉर्डच्या बाजूंसाठी लावलेला असतो, दीड-दोन तासांच्या कार्यक्रमासाठी नाही. ‘हॉररस्कोप’ शेवटाला ‘सोलिट्यूड’सारख्या संथ गाण्यावर उतरतो, आणि इथे ते अगदी कार्यक्रमाच्या मध्यावर येतं. ऐकताना तिथे उठून चहा करून यावा. पण ‘फील द फायर’ सुरू झाला की पैसे वसूल. 1985 मध्ये बँडमध्ये एकच गिटारवादक होता, बॉबी गुस्टाफसन. इथे दोघे आहेत, त्यामुळे सोलोच्या खाली रिफ चालू राहते, मूळ अल्बममध्ये त्या जागा पोकळ वाटतात. डी. डी. व्हर्नीचा बेस तारेवर नख घासल्यासारखा पुढे येतो, स्लेयरच्या अगदी उलट. बॉबी ‘ब्लिट्झ’ एल्सवर्थला 2002 मध्ये जर्मनीतच स्टेजवर पक्षाघाताचा झटका आला होता. त्यानंतर चौदा वर्षांनी, पन्नाशीच्या उत्तरार्धात, तो या वरच्या पट्टीत अख्खे दोन अल्बम गातो.

पट्टीचा विषय निघालाच आहे तर एवढं सांगून ठेवतो. वय वाढलं की बहुतेक बँड गायकासाठी गिटार खाली उतरवतात. अर्धा स्वर उतरवल्याने बिघडत नाही. स्लेयर फार पूर्वीपासून तिथेच आहे. पूर्ण स्वर उतरवला की तीच तार ढिली पडते, पाम-म्यूटचा (तळवा तारांवर टेकवून दाबलेला) ठोका ‘टक्’ ऐवजी ‘थप्प’ येतो, आणि जाड तारा चढवल्या तरी मूळ रिफचा चटका पुरता परत येत नाही. मेगाडेथची अलीकडची लाइव्ह रेकॉर्डिंगं ऐकताना हे जाणवतं, आणि म्हणूनच त्यांचा मार्च 2010 चा, हॉलिवूड पॅलेडियममधला ‘रस्ट इन पीस लाइव्ह’ अजून जवळ ठेवण्याजोगा आहे.

ॲन्थ्रॅक्सच्या ‘किंग्ज अमंग स्कॉटलंड’बद्दल फार लिहिण्यासारखं नाही. फेब्रुवारी 2017, ग्लासगोचं बॅरोलँड, अर्धा भाग निवडक गाण्यांचा आणि अर्धा 1987 च्या ‘अमंग द लिव्हिंग’चा. जोई बेलाडोनाचा वरचा आवाज अजून शाबूत आहे, बॅरोलँडची गर्दी प्रत्येक कोरस स्वतःचा समजून गाते, आणि ‘कॉट इन अ मॉश’मधला फ्रँक बेलोचा बेस हवा तेवढाच पुढे आहे. आधीचा ‘चिली ऑन हेल’ घरात असेल तर दोन्ही लागणार नाहीत.

स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांनी आधी तीन सेटिंग तपासावीत. क्रॉसफेड शून्यावर, गॅपलेस (गाण्यांच्या मधे खंड न पडू देणारं) चालू, आणि आवाज समान करणारं नॉर्मलायझेशन बंद. क्रॉसफेड चालू राहिला तर एका गाण्याच्या टाळ्या दुसऱ्याच्या पहिल्या रिफवर चढतात. ‘साउथ ऑफ हेवन’ संपून ‘रेनिंग ब्लड’चे ते तीन ठोके येतात, तिथे हे फार झोंबतं. विनाइलला साधारण 22 मिनिटांनंतर प्रत्येक बाजूला आवाजाची पातळी आणि खर्ज कमी करावा लागतो, म्हणून दीड तासाचा कार्यक्रम दोनच रेकॉर्डींवर बसवला असेल तर सीडीच बरी. कोकणात किंवा मुंबईत विनाइल ठेवणाऱ्यांनी कागदी आतलं पाकीट बदलून पॉलिथिनचं घालावं. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि बुरशी थेट खाचेत उतरते. ब्लू-रे मागवताना रीजन पाहावा. भारत ‘सी’ मध्ये येतो, अमेरिका ‘ए’ मध्ये, युरोप ‘बी’ मध्ये. संगीताच्या बऱ्याच डिस्कवर रीजनचं बंधन नसतं, पण पाकिटावर तसं छापलेलं दिसल्याशिवाय गृहीत धरू नये.

राहिला एक्झोडसचा ‘ब्रिटिश डिझास्टर: द बॅटल ऑफ ’89’. मे 2024 मध्ये निघाला, पण टेप मार्च 1989 ची, लंडनच्या ॲस्टोरियामधली. ते सभागृह 2009 मध्ये क्रॉसरेल या रेल्वे प्रकल्पाच्या कामासाठी पाडलं गेलं. वरचे निकष इथे लागू होत नाहीत. ड्रम पातळ आहेत, गर्दी कधी जवळ कधी लांब, गायक झेट्रो सूझा मधे मधे दम खातो, आणि गाणी स्टुडिओपेक्षा इतकी वेगात जातात की ‘टॉक्सिक वॉल्ट्झ’मधला नाच कुणाला जमला असेल का, असा प्रश्न पडतो. सुधारायला काही उरलेलंच नाही, म्हणून काही लपलेलंही नाही. पुढे स्लेयरमध्ये वाजवणारा होल्ट मुळात एक्झोडसचा गिटारवादक; तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. दुसरा गिटारवादक रिक ह्युनॉल्टसोबतचा त्याचा इथला उजवा हात आणि ‘किलॉजी’मधला त्रेपन्नाव्या वर्षीचा उजवा हात एकापाठोपाठ ऐकले, तर पाम-म्यूटची धार जवळपास तीच आहे, बदलला आहे तो सोलोचा शेवट. 1989 मध्ये तो पुढची रिफ सुरू झाल्यावरही सोलो सोडत नाही, आणि 2017 मध्ये एक मात्रा आधीच परततो.