घरगुती रक्तदाबयंत्र: बाळंतिणीच्या खोलीतला अनुभव

लेकीचे बीपी नवव्या महिन्यात वाढले होते. त्यामुळे बाळंतपणानंतर घरी सोडताना डॉक्टरांनी ते दिवसातून दोनदा मोजून वहीत लिहायला सांगितले, आणि त्यासाठी आम्ही दंडाला पट्टा बांधायचे हे डिजिटल यंत्र मागवले. बाळ झाले की बीपीची काळजी मिटली, असा आपल्याकडे पक्का समज आहे; प्रत्यक्षात प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे सारे घर पाळण्याभोवती जमलेले असताना, रक्तदाब पुन्हा चढू शकतो आणि पक्षाघाताचा वाढलेला धोका पुढचे सहा आठवडे तरी राहतो.

दवाखान्यातल्या पाऱ्याच्या यंत्राशी ताडून पाहिले, तेव्हा आकड्यांत फारसा फरक आढळला नाही. तक्रार आहे ती पट्ट्याची. सोबत मिळणारा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी आहे आणि लेकीच्या दंडाचा घेर ३४. तोकडा पट्टा ताणून बांधला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसते, म्हणून मोठा पट्टा वेगळे पैसे मोजून घ्यावा लागला. हे माप खोक्यावर बारीक अक्षरांत छापले आहे.

पडद्याच्या कडेची हिरवी-पिवळी-लाल पट्टी सर्वसाधारण प्रौढांसाठी आहे, बाळंतिणीसाठी नाही. आमच्या डॉक्टरांनी १४०/९० आल्यास फोन करायला आणि १६०/११० आल्यास पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजून, आकडा तोच राहिला तर थेट रुग्णालय गाठायला बजावले होते. माहितीपुस्तिकेत याविषयी एक ओळही नाही.

शिवाय मेंदूतल्या शिरेत गुठळी झाली, तर बीपी अगदी व्यवस्थित असूनही डोके ठणकू शकते. अशा वेळी ‘जागरणाने दुखतंय, कानाला रुमाल बांध’ म्हणून वेळ दवडू नये. डोकेदुखी वाढतच चालली, नजर धूसर झाली, आकडी आली, बोलणे अडखळले किंवा एका बाजूच्या हातापायातले बळ गेले, तर आकड्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. बाळंतिणीला पाणी बेताने देण्याची जुनी रीतही सोडलेली बरी, कारण शरीरातले पाणी कमी झाले की गुठळीचा धोका वाढतो.

बाकी यंत्र वापरायला सोपे आहे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पाच मिनिटे गप्प बसल्यावरच मोजावे. बाळाला पाजता पाजता मोजलेल्या आकड्यावर विसंबू नये. मोठा पट्टा सोबत देणारे मॉडेल मिळत असेल, तर थोडे जास्त पैसे देऊन तेच घ्यावे.