घरघरीला वाफेचं मशीन घ्यावं की पंप?

जून ते सप्टेंबर खानापूर-बेळगावकडे कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते आणि पोरांची छाती भरते. पाऊस सरला की उसाचा हंगाम आणि पाचट जाळल्याचा धूर. शाळकरी मुलाला वर्षातून तीन-चारदा ‘ब्राँकायटिस’ (श्वासनळ्यांना सूज) झालं की घरात विषय निघतोच: वाफेचं मशीन (नेब्युलायझर) आणू या का?

त्याआधी तपासणी. या वयात सारखं उलटणारं ब्राँकायटिस बऱ्याचदा दमा निघतो. साधारण सहा वर्षांपासून नळीत फुंकर मारून स्पायरोमेट्री, म्हणजे श्वासाचा जोर मोजणारी तपासणी, करता येते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाचीही शंका फेडून घ्यावी. आणि दर खोकल्याला अँटिबायोटिक नको; बहुतेक वेळा कारण विषाणू असतो. मात्र ओला खोकला महिनाभर रोज राहिला तर गोष्ट वेगळी, तिथे अँटिबायोटिक लागू शकतं.

आता मशीन की पंप (इनहेलर). ‘पंपाची सवय लागते, मशीन बरं’ असं आजी-आजोबा हमखास सांगतात. पण औषध दोन्हींत तेच, श्वासनळ्या मोकळ्या करणारं साल्बुटामॉल. पंपाच्या एका दाबात बहुधा १०० मायक्रोग्रॅम, मशीनच्या एका वाफेत २.५ मिलिग्रॅम, म्हणजे पंचवीसपट! सौम्य-मध्यम धाप असेल तर स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) लावलेला पंप मशीनइतकाच चालतो, आणि मुलाला धडधडही कमी होते. मशीनला दहा मिनिटं आणि वीज लागते. पावसात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. शिवाय कप आणि मास्क दर वेळी धुऊन कोरडे करायचे. मला मशीनचा मोठा धोका वेगळाच वाटतो: घरीच वाफ देत बसल्याने दवाखान्यात न्यायला उशीर होतो. स्पेसर अजिबात न जमणाऱ्या मुलासाठी मात्र ते घ्यावं.

पंप नुसता तोंडात धरून मारला तर बरंचसं औषध घशातच राहतं. म्हणून स्पेसर हवाच, आणि तो मशीनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. पंप हलवायचा, एकदाच दाबायचा, मग पाच-सहा शांत श्वास. दुसरा दाब त्यानंतर. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच निथळू द्यायचा. फडक्याने पुसला की औषध आत भिंतीला चिकटतं. शनिवारी शाळा लवकर सुटते, तेव्हा धुतला तर सोमवारपर्यंत वाळतो.

डॉक्टरांनी याशिवाय सूज कमी ठेवणारा रोजचा स्टेरॉइडचा पंप दिला असेल तर बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नये. घेतल्यावर चूळ भरायची. उंचीवर थोडा परिणाम होऊ शकतो, पण वरचेवर स्टेरॉइडच्या गोळ्या घ्यायला लागणं त्याहून वाईट.

धापेचा (साल्बुटामॉलचा) पंप दप्तरात ठेवा आणि वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या, मराठी-कन्नड दोन्हीत. बरगड्यांखाली खड्डे पडत असतील, पूर्ण वाक्य बोलवत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर पंप देत देतच १०८ला फोन करा.