बेसिल ग्रो किट: बिया एक नंबर, बाकी किट नको

ऑक्टोबरच्या शेवटी, पाऊस नक्की गेला अशी खात्री झाल्यावर हा किट ऑनलाइन मागवला, ४९९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाहीये. चार महिने वापरून मगच लिहितेय, कारण मी जे रिव्ह्यू वाचून घेतला ते सगळे बॉक्स उघडल्या उघडल्या लिहिलेले होते, पॅकिंग छान, डिलिव्हरी फास्ट, पण रोप पुढे जगलं का, पानं किती मिळाली, हे एकानेही लिहिलं नव्हतं.

आत काय आहे तर बियांचं पाकीट (जेनोवीज, म्हणजे इटलीत जेनोवाकडे पेस्तो, म्हणजे बेसिलची चटणी, करतात ते स्वीट बेसिल), कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वडी, चार इंची प्लास्टिकची कुंडी, खताची पुडी आणि एक माहितीपत्रक.

बियांबद्दल तक्रार नाही, उलट कौतुकच आहे. पेरून वरून पाणी शिंपडलं आणि पाच-दहा मिनिटांत प्रत्येक काळ्या दाण्याभोवती निळसर-पांढरी जेली धरली, शेजारच्या काकू बघायला आल्या तर म्हणाल्या, अगं हा तर सब्जा! आणि बरोबरच आहे त्यांचं, फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे बेसिलचंच बी, आपली तुळस त्याच कुळातली पण जात वेगळी. वीस बिया टाकल्या, सहाव्या दिवसापासून उगवायला लागल्या, सतरा आल्या. पण पत्रकात बी एक इंच खोल पेरा असं छापलंय ते अजिबात करू नका, एवढं बारीक बी तिथून वर येणार कसं? नुसतं मातीवर टाकून वरून चिमूटभर कोकोपीट भुरभुरवायचं, बास.

कुंडी मात्र अगदीच लहान. महिनाभरात मुळं खालच्या भोकांतून बाहेर आली आणि सकाळी पाणी घातलं तरी दुपारी दोनला झाड माना टाकायचं. शेवटी घरातल्या दहा इंची कुंडीत माती, कोकोपीट आणि गांडूळखत घालून तीन रोपं लावली, बाकीची वाटली. आमची बाल्कनी पूर्वेकडे आहे, चार-पाच तास ऊन येतं, तेवढ्यावर मस्त वाढली. जानेवारीत पुण्यात थंडी वाढली तेव्हा पानांवर काळे डाग आले, मग रात्री कुंडी घरात घ्यायला लागले. बेसिलला थंडी सोसत नाही, हेही पत्रकात नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पानं कशी काढायची याबद्दल तिथे एकच ओळ आहे, गरजेनुसार पानं तोडा. मी पहिल्या रोपाची खालची मोठी मोठी पानं तोडत गेले, तर उंच काडी आणि वर शेंडीसारखा झुपका एवढंच उरलं आणि लगेच मंजिऱ्या आल्या. दुसऱ्या रोपाला वेगळं केलं. सहा इंच झाल्यावर शेंडाच कापला, पण कुठे कापायचा ते नीट बघा, जिथे दोन पानं समोरासमोर फुटतात त्या पेराच्या जरा वर, तिथे पानांच्या बगलेत तांदळाच्या दाण्याएवढे दोन कोंब आधीच बसलेले दिसतात. कात्री लावली की तेच दोन्ही वाढतात, एका शेंड्याचे दोन, दोनाचे चार. दर दोन-तीन आठवड्यांनी कापतेय, एका वेळी एक तृतीयांशाच्या वर नाही, आणि त्या एकाच रोपानं बाकी दोघांपेक्षा जास्त पानं दिली. मंजिरी दिसली की लगेच खुडायची, नाहीतर झाड सगळी ताकद फुलाला लावतं आणि पानं कडवट होतात. एका रोपाला मुद्दाम फुलू दिलंय, सकाळी त्यावर मधमाश्या येतात, ते बघायला फार छान वाटतं.

कापलेल्या फांद्या फ्रिजमध्ये ठेवू नका, काळ्या पडतात. फुलांसारख्या ग्लासभर पाण्यात ओट्यावर ठेवायच्या. पेस्तो मी काजू घालून करते, मूळ कृतीतले पाइन नट्स (चिलगोजे) परवडत नाहीत, मिक्सर थांबत थांबत फिरवायचा म्हणजे पानं गरम होऊन काळपट होत नाहीत.

एक इंचाची चूक कंपनीला कळवली तर उत्तरात डिस्काउंट कूपन आलं, पत्रक सुधारू असं काही नाही. याचा मला खरंच राग आला, पहिल्यांदाच काहीतरी लावणारा माणूस त्या कागदावरच विसंबणार ना, आणि उगवलं नाही की त्याला वाटणार आपल्या हाताला गुण नाही.

याच बियांचं नुसतं पाकीट त्यांच्याच साइटवर ६० रुपयांना आहे, तेवढंच घ्या, कुंडी आणि खत जवळच्या नर्सरीतून आणा. बियांना पाच स्टार, किटला दोन. मागच्या आठवड्यात कापलेल्या फांद्यांपैकी चारांना ग्लासात पांढरी मुळं फुटलीयेत, त्यातली दोन काकूंना देणार आहे, त्यांनी कुंडी भरून ठेवलीये.