आधी पाठीखालचं, मग डोक्यावरचं: मराठवाड्यात बाईकवरून मुक्कामी फिरायचं तर काय घ्यावं

बाईकवर चार दिवस फिरायचं ठरलं की जो तो आधी तंबू बघायला लागतो. मीही तेच केलं होतं. पण गेली काही वर्षं हिवाळ्यात लातूर, धाराशिव, बीड असा बालाघाटाच्या रांगेतून फिरल्यावर माझं मत पार बदललंय. पैसे मोजकेच असतील तर आधी पाठीखाली काय अंथरायचं ते ठरवा. आपल्याकडे हवेपेक्षा जमीन जास्त त्रास देते. कुठे काळी माती, कुठे मुरूम, कुठे नुसता खडक, आणि काटा तर सगळीकडेच.

फोमची मॅट की फुगवायची गादी

फुगवायची गादी दुकानात पडून बघितली की लगेच आवडते. कुशीवर झोपलं तरी कंबर टेकत नाही आणि गुंडाळली की पाण्याच्या बाटलीएवढी होते. फोमची मॅट तिच्यापुढे ओबडधोबड वाटते. बॅगेत मावत नाही, वरून बांधावी लागते आणि सवय होईपर्यंत पाठ कुरकुरते.

पण रानात सराटा असतो. नळदुर्गच्या अलीकडे एका काकांना विचारून त्यांच्या बांधालगत तंबू लावला होता. जागा झाडून घेतली, टॉर्च मारून दोनदा बघितली. रात्री दोनच्या सुमारास कंबर गार पडली म्हणून जाग आली, तर गादी निम्मी बसलेली. सकाळी साबणाचं पाणी लावलं तेव्हा एका जागी बारीक बुडबुडे यायला लागले. खाली सराट्याचं एक शिंग तंबूचा तळ भेदून वर आलेलं, जेमतेम दोन मिलिमीटर. तेवढं पुरलं. पॅच चिकटायला गादी कोरडी लागते आणि गोंद वाळेपर्यंत थांबावं लागतं. रात्री दोन वाजता यातलं काही होत नाही. वेड्या बाभळीचा काटा तर याहून लांब, तो टायरलासुद्धा सोडत नाही.

फोमच्या मॅटमध्ये काटा घुसला तर उपटून फेकायचा आणि झोपायचं. दुपारी चिंचेखाली तीच मॅट टाकून तासभर पडता येतं, गादी अशी कुठेही टाकायचं धाडस होत नाही.

उबेचंही बघा. मॅट जमिनीचा गारवा किती अडवते त्याचा आकडा असतो, त्याला आर-व्हॅल्यू म्हणतात. चांगली घडीची फोम मॅट 2 च्या आसपास असते. आतून काही अस्तर नसलेली साधी गादी 1 च्या आसपास, कारण आतली हवा फिरत राहते आणि अंगाची ऊब खाली नेते. म्हणजे जाडी बघून गादी ऊबदार असेल असं धरू नका. अस्तराची गादी 3-4 च्या पुढे जाते, पण महाग पडते.

माझा सल्ला सरळ आहे. पहिली खरेदी फोमचीच करा. कंबरेचा त्रास असेल किंवा कुशीवरच झोप लागत असेल तर गादी घ्या, पण तिच्याखाली पातळ फोम टाका. काटा अडतो आणि दोन्हींच्या आर-व्हॅल्यूची बेरीज होते.

तंबू: स्वतः उभा राहणारा की खुंट्यांवर ताणायचा

इथेही निकाल जमीनच देते. खुंट्यांवर ताणून उभे राहणारे तंबू वजनाला हलके असतात, पण खुंटी धरायला तर हवी. हिवाळ्यात वाळलेली काळी माती दगडासारखी होते, मुरमात खुंटी वाकते आणि खडकावर प्रश्नच मिटला. दोन काड्या एकमेकींवरून गेल्या की आपोआप उभा राहणारा घुमट तंबू अर्धा-एक किलो जड असला तरी तोच घ्या. सोबत आलेल्या पातळ खुंट्या घरी ठेवून हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची लोखंडी खिळे घ्या. मुरमात तेच टिकतात.

याचा आणखी एक फायदा पावसात कळतो. ओल्या काळ्या रानात तंबू लावूच नका. माती मडगार्डमध्ये भरते, चाक फिरत नाही आणि साइड स्टँड रुतून गाडी आडवी होते. अशा वेळी पुजाऱ्यांना विचारून एखाद्या देवळाच्या सभामंडपात मुक्काम करावा. फरशीवर खुंटी मारता येत नाही, पण घुमट तंबूचा नुसता जाळीचा आतला भाग उभा करून डासांशिवाय झोपता येतं.

तंबूऐवजी नुसती ताडपत्री बांधून झोपणारे भेटतात. हलकं, स्वस्त, हवेशीर, सगळं मान्य. तरी मी कुणालाही ते सुचवणार नाही. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा जागही येत नाही. चेन बंद होणारा आणि तळ शिवलेला तंबू याच कारणासाठी घ्यायचा. सकाळी बूट झटकूनच घाला, विंचवाला बुटातली ऊब आवडते.

झोळी बांधून झोपणं उन्हाळ्यात छान आहे, पण सोबत मच्छरदाणी हवी आणि योग्य अंतरावर दोन दणकट झाडं हवीत. बांधावरच्या बाभळीत ती मिळतातच असं नाही. हिवाळ्यात खालून वारा लागतो. फेकला की उघडणारा गोल चकतीचा तंबू कारसाठी ठीक, बाईकला नको.

दुकानात वजनासोबत घडीची लांबीही मोजा. सीटवर आडवी बांधलेली घडी हँडलच्या बाहेर येता कामा नये. आपल्या रस्त्यांवर नोव्हेंबरपासून उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. त्या अंगावरून जाताना दोन्ही बाजूंची प्रत्येक इंच जागा लागते. कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, म्हणून अंधाराआधी मुक्काम गाठायचा हे आमचं ठरलेलं. पाच मिनिटांत एकट्याने लागणारा तंबू याही कारणाने बरा.

स्लीपिंग बॅग की वाकळ

घरची वाकळ उबेला कुणाला हार जाणार नाही, पण तिची घडी अख्खी सीट खाते आणि भिजली की दोन दिवस वाळत नाही. घोंगडीचंही तेच. मी बॅग घेतली. लेबलवर तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम. फक्त कम्फर्ट बघा, एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचेल एवढंच. डिसेंबर-जानेवारीत 10 अंशांच्या आसपासच्या रात्री नेहमीच्या, आणि परभणीचा पारा काही हिवाळ्यांत 5 च्या खाली गेलेला आहे. 5 ते 8 कम्फर्टची सिंथेटिक बॅग आपल्याकडे पुरते. पिसांची बॅग छोटी होते, पण ओली झाली की तिची ऊब जाते, आणि तिची किंमत वसूल होईल इतकी थंडी इथे पडत नाही. मार्चनंतर बॅग घरी, नुसती चादर पुरते.

स्टोव्ह

पहिल्या दोन-तीन सहलींना घेऊच नका. सकाळी सहाला कुठल्याही फाट्यावर चहा मिळतो, आणि संक्रांतीच्या सुमारास शेतात मुक्काम केला तर हुरडा खाल्ल्याशिवाय कुणी सोडत नाही.

घ्यायचाच झाला तर डब्याच्या गॅसवरचा सगळ्यात सोपा. अडचण अशी की डबा संपला तर तालुक्याच्या गावात दुसरा मिळणं अवघड. डब्यावर 50 अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात बाहेर 42-43 असताना उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या बॅगेत ती मर्यादा लांब राहत नाही. डबा सायलेन्सरच्या बाजूला तर कधीच ठेवू नका. पेट्रोलच्या स्टोव्हला इंधन आपल्याच टाकीतून मिळतं, पण पेटवताना भडका होतो, काजळी धरते, जेट साफ करत बसावं लागतं. दोन्हींपैकी कुठलाही तंबूच्या आत लावायचा नाही, बंद जागेत धूर न दिसताही माणूस गुदमरतो. वाळल्या उसाच्या पाचटाजवळ किंवा गवतात तीन दगडांची चूलही नको. ज्यांनी जागा दिली त्यांचं वर्षाचं पीक शेजारी उभं असतं.

बांधणी

दोन्ही बाजूंना सॅडलबॅग आणि मागे एक वॉटरप्रूफ रोल बॅग, ही मांडणी मला सगळ्यात बरी वाटते. जड वस्तू सॅडलबॅगेत, खाली आणि जितक्या पुढे जातील तितक्या पुढे. रोल बॅगेत स्लीपिंग बॅग, कपडे आणि तंबूचं कापड. मॅट सगळ्यात वर, म्हणजे वाटेत थांबलं की लगेच हाताशी येते. हुकच्या रबरी दोरीपेक्षा बकलचे पट्टे घ्या. हुक खड्ड्यात निसटतो, आणि सुटलेली दोरी मागच्या चाकात गेली तर चाक जाम होतं.

निघायच्या आदल्या रविवारी सगळं सामान लादून लातूरहून औश्यापर्यंत जाऊन या, वीसेक किलोमीटर. तिथे उतरून पट्टे हाताने ओढून बघा. सामान बसलेलं असेल आणि पट्टे दोन बोटं जातील इतके सैल झालेले असतील. पुन्हा आवळा आणि परत या.